व्हर्जिनिया-लटाकिया तंबाखू: चव घेण्याची आणि मुरवण्याची रीत, बेळगाव सीमाभागाच्या हवेत

निपाणी-चिकोडी भागात लहानाचे मोठे झालेल्या माणसाला तंबाखू म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. मात्र त्याच्या ओळखीची तंबाखू ही विडीची आणि जर्द्याची असते. व्हर्जिनिया आणि लटाकिया या दोन पानांच्या, पाईपमध्ये ओढायच्या धुरकट मिश्रणाशी त्याची गाठ पडते ती बहुधा परदेशातून आलेल्या एखाद्या नातेवाइकाने आणलेल्या पन्नास ग्रॅमच्या डब्यातून, आणि तो डबा उघडला की घरातले कोणीतरी ‘काही जळतंय का’ म्हणून स्वयंपाकघरात डोकावून येते. अशा डब्याची चव नीट कशी घ्यावी, आणि तो राखून ठेवायचा झाल्यास कशात, कोठे व किती काळ ठेवावा, हे पुढे क्रमाने दिले आहे. या मिश्रणातली दोन पाने काळाबरोबर उलट दिशांना जातात. व्हर्जिनिया वर्षागणिक खुलत जाते आणि लटाकियाचा धूर हळूहळू मावळत जातो. त्यामुळे ‘जितकी जुनी तितकी चांगली’ हा सरसकट नियम येथे लागू पडत नाही, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात तर पानातली ओल सांभाळणे हे वर्षे मोजण्यापेक्षा मोठे काम होऊन बसते.

एक गोष्ट आधीच नोंदवणे भाग आहे. पाईपचा धूर छातीत ओढला नाही तरी तोंड, घसा आणि अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका राहतो, निकोटिनची सवय लागते, आणि मुरवलेली तंबाखू ताज्या तंबाखूपेक्षा कमी अपायकारक असते असे मुळीच नाही. हे लेखन आधीपासून पाईप ओढणाऱ्या प्रौढांसाठी आहे; जो ओढत नाही त्याने या लेखामुळे सुरुवात करू नये. कर्नाटकात आता २१ वर्षांखालील व्यक्तीला तंबाखू विकण्यास मनाई आहे, सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला बंदी आहेच, आणि लटाकियाचा धूर पडद्यांत व अंथरुणांत दिवसेंदिवस राहत असल्याने तो घरात, विशेषतः लहान मुले असलेल्या घरात, ओढू नये.

पाने आधी ओळखावीत

व्हर्जिनिया हे नाव अमेरिकेतल्या प्रांताचे असले तरी आज त्या नावाने ओळखले जाते ते भट्टीत, धूर लागू न देता, केवळ नळ्यांतून फिरवलेल्या उष्णतेवर वाळवलेले पान. साधारण आठवडाभर चालणाऱ्या या प्रक्रियेत उष्णता टप्प्याटप्प्याने वाढवत नेतात: आधी सुमारे ३५ ते ४० अंश सेल्सिअसला पान पिवळे होऊ देतात, मग पाते वाळवतात आणि शेवटी सत्तर अंशांच्या आसपास नेऊन मधली शीर वाळवतात. पान पिवळे होताना त्यातल्या पिष्टाची साखर होते आणि नंतरच्या जलद वाळवणीमुळे ती साखर खर्च होण्याआधीच पानात अडकून पडते. व्हर्जिनियाचा गोडवा, आंबटसर तजेला आणि मुरण्याची क्षमता या तिन्ही गोष्टी त्या साखरेवर अवलंबून आहेत. कर्नाटकातही हे पान पिकते, पण ते म्हैसूर जिल्ह्याच्या हुणसूर-पिरियापट्टण भागात. तेथील माल तंबाखू मंडळाच्या लिलावातून जातो आणि मुख्यतः सिगारेटसाठी वापरला जातो.

सीमाभागातल्या वाचकाच्या मनात येथे एक प्रश्न हमखास येतो, तो म्हणजे आपली निपाणीची तंबाखू पाईपमध्ये का चालू नये. निपाणीचे पान उन्हात वाळते, सावकाश वाळते, आणि त्या सावकाशीत त्याची साखर बहुतांशी संपून जाते. पान जाड व कडक असते आणि त्यात निकोटिनही भरपूर असते. विडीच्या दोन-चार झुरक्यांसाठी हे गुण आहेत, पण पाऊण तास चालणाऱ्या पाईपमध्ये तेच पान डोके गरगरवते. डब्यातली तंबाखू पुरवून वापरावी म्हणून तीत निपाणीचा चुरा मिसळण्याचा मोह टाळावा, कारण त्याने दोन्ही पानांची चव जाते.

लटाकियाचे नाव सीरियातल्या त्याच नावाच्या बंदरावरून आले. आज बाजारात मिळणारा बहुतेक माल मात्र सायप्रसमधल्या पानापासून होतो. हे पान आधी उन्हात वाळवतात आणि मग बंद कोठारात टांगून त्याखाली सुगंधी झाडपाल्याचा व लाकडाचा मंद धूर आठवडेच्या आठवडे धरतात. सायप्रसमध्ये या धुरासाठी मॅस्टिक, मर्टल, पाइन अशा झाडाझुडपांचा उपयोग होतो. धुरातली फिनॉल वर्गातली संयुगे पानात मुरतात आणि पान जवळजवळ काळे होते. लटाकियात साखर कमी असते, आणि वास इतका दणदणीत असूनही तिचे निकोटिन मध्यमच असते. नवख्याला वासावरून ती ‘कडक’ वाटते, पण डोक्याला चढते ती सहसा तिच्यासोबतची दुसरी पाने किंवा घाईघाईने ओढण्याची सवय.

डब्यावरचे वर्णन वाचताना मिश्रणात लटाकियाचे प्रमाण किती आहे याचा अंदाज घ्यावा. ते छापलेले नसले तर तंबाखू पांढऱ्या कागदावर पसरून काळे तंतू आणि पिवळे-तांबूस तंतू डोळ्यांनी पाहावेत. मुरवलेली व्हर्जिनियाही गडद होते, त्यामुळे शंका आली तर एक काळा तंतू वेगळा काढून हुंगावा. लटाकिया एका तंतूतही लपत नाही. काही मिश्रणांत तिसरे, पौर्वात्य म्हणून ओळखले जाणारे लहान पानांचे तुर्की-ग्रीक वाणही असतात. ते आंबूस आणि मसालेदार झाक देतात, पण पुढच्या विवेचनात त्यांचा विचार केलेला नाही.

साधने थोडी, पण वेगळी

लटाकियासाठी पाईप वेगळाच ठेवावा. बहुतेक पाईप ज्याचे करतात त्या ब्रायरच्या लाकडात तिचा वास असा बसतो की नंतर त्याच पाईपमध्ये साधी व्हर्जिनिया भरली तरी पहिला अर्धा भाग धुरकटच लागतो. ज्याला निव्वळ चव पारखायची आहे त्याने मक्याच्या कणसाचा साधा पाईप घ्यावा. तो स्वस्त असतो, त्याला फार काळ जपून ‘तयार’ करावे लागत नाही, आणि दोन डब्यांची तुलना करायची असल्यास सारख्याच मापाचे दोन पाईप बाळगणे परवडते. याखेरीज पाईप साफ करण्याच्या केसाळ तारा, तंबाखू दाबण्यासाठी सपाट टोकाची काडी आणि आगकाडीची पेटी लागते. काडी पेटवल्यावर तिच्या टोकावरचा गंधक जळून जाईपर्यंत क्षणभर थांबावे. पेट्रोलवर चालणारा लायटर चव घेण्याच्या दिवशी वापरू नये.

मुरवण्यासाठी काचेच्या बरण्या, सोन्या-चांदीसाठी वापरतात तसा छोटा इलेक्ट्रॉनिक काटा आणि शक्य असल्यास एक लहान आर्द्रतामापक लागतो. बरण्यांविषयी पुढे सविस्तर येईल.

ओल: सगळ्यात आधी हेच

डब्यातून काढलेली तंबाखू बहुधा ओढण्याजोगी नसते. कारखाने ती ओलसर भरतात, म्हणजे ती प्रवासात टिकते आणि वजनही राहते. ओली तंबाखू पुन्हा पुन्हा विझते, ती पेटती ठेवण्यासाठी माणूस जोराने ओढतो, वाफ तयार होते आणि ती वाफ जीभ पोळते. व्हर्जिनियाच्या नावावर जमा होणारे ‘जीभ चावते’ हे गाऱ्हाणे पुष्कळदा पानाचे नसून ओलीचे आणि घाईचे असते. ओढण्यासाठी पानात वजनाच्या साधारण ११ ते १३ टक्के ओल असावी, आणि बरणीत मुरवण्यासाठी त्यापेक्षा किंचित जास्त, म्हणजे १३ ते १५ टक्के, चालते. बंद बरणीतल्या हवेच्या भाषेत सांगायचे तर ही स्थिती सुमारे ६० ते ६५ टक्के सापेक्ष आर्द्रतेची आहे. हाच आकडा ७० च्या पुढे गेला की बुरशीला वाव मिळू लागतो.

रोजच्या वापरात हाताची परीक्षा पुरते. तंबाखूची एक चिमूट अंगठा आणि दोन बोटांमध्ये धरून घट्ट दाबावी व सोडावी. गोळा तसाच राहिला तर ती ओली आहे. दाबताना कुरकुर आवाज होऊन चुरा पडला तर ती फार वाळली आहे. गोळा सोडल्यावर सावकाश, एकेक तंतू सुटा होत मोकळा झाला आणि बोटांना थंडावा जाणवला नाही तर ती ओढण्यास योग्य आहे. यातला थंडाव्याचा भाग पुष्कळ जण विसरतात. ओलीचा सगळ्यात सूक्ष्म इशारा बोटाच्या पेराला मिळतो, डोळ्याला नाही. ती परीक्षा मात्र पावसाळ्यात फसते, कारण तेव्हा हातच दमट असतात.

अचूक माप हवे असेल तर १० ग्रॅम तंबाखू काट्यावर मोजून घ्यावी, ओव्हनमध्ये १०० अंशांच्या आसपास दोन तास ठेवावी, पुन्हा मोजावी, आणि वजन घटायचे थांबेपर्यंत हे करत राहावे. १० ग्रॅमचे ८.६ ग्रॅम झाले तर ओल १४ टक्के. उष्णतेने थोडी सुगंधी द्रव्येही उडून जात असल्याने हा आकडा किंचित जास्तच येतो, पण आपल्या कामाला तो पुरेसा आहे. एवढी तंबाखू वाया घालवणे जिवावर येत असल्यास निम्मी घ्यावी. काटा चांगला असेल तर ५ ग्रॅमवरही भागते. ही चाचणी प्रत्येक डब्याला करण्याची गरज नाही, पण दीर्घकाळ ठेवायच्या मालाला ती एकदा अवश्य करावी.

आता आपल्या भागाविषयी. बेळगाव जिल्हा एकच असला तरी त्यात हवा एक नाही. खानापूर तालुक्यात जांबोटी-कणकुंबीकडे सह्याद्रीचा पाऊस अक्षरशः कोसळतो. बेळगाव शहर सुमारे साडेसातशे मीटर उंचीवर असल्याने उन्हाळा सुसह्य आणि पावसाळा दमट. निपाणी-चिकोडी मध्ये कोठेतरी. आणि पूर्वेकडे अथणी-रायबाग ही पर्जन्यछायेतली कोरडी बाजू. त्यामुळे ‘डब्यातून काढून वीस मिनिटे पसरून ठेवावी’ असा परदेशी लिखाणात आढळणारा सल्ला येथे जसाच्या तसा वापरता येत नाही. एप्रिलमध्ये अथणीत सुट्या तंतूंची तंबाखू कागदावर पसरली तर दहा-पंधरा मिनिटांत ती कडकडीत होऊ शकते, तर जुलैमध्ये खानापुरात तीच तंबाखू दुपारभर पसरून ठेवली तरी वाळणार नाहीच, उलट हवेतली ओल शोषून घेईल. पावसाळ्यात पाईपपुरतीच तंबाखू काढून टेबलावरच्या दिव्याच्या उबेखाली, किंवा बंद करून कोमट झालेल्या ओव्हनमध्ये दार किलकिले ठेवून, काही मिनिटे ठेवावी आणि दर थोड्या वेळाने चिमटीत धरून पाहावी. चुलीजवळ किंवा गॅसच्या ज्योतीजवळ ती ठेवू नये. तेथे ती फोडणीचा वासही उचलते.

दाबलेल्या वड्यांच्या स्वरूपातली तंबाखू सुट्या तंतूंपेक्षा फार सावकाश वाळते. ती आधी हाताने मोकळी करावी आणि मग वाळवावी, नाहीतर कडा वाळतात आणि गाभा ओलाच राहतो.

उलट बाजूने, जास्त वाळलेल्या तंबाखूला ओल द्यायची असेल तर ती पसरट भांड्यात ठेवून वरून किंचित ओलसर, पिळून काढलेले सुती फडके ताणून बांधावे, फडक्याचा स्पर्श पानाला होऊ देऊ नये, आणि दर तासाला हलवून पाहावे. बरणीत बटाट्याचा काप किंवा सफरचंदाची फोड टाकण्याची रीत सर्रास सांगितली जाते. ती बुरशीला दिलेले आमंत्रण आहे.

भरणे, पेटवणे आणि चव घेणे

पाईपच्या वाटीत तंबाखू तीन टप्प्यांत भरावी: तळाशी जवळजवळ सैल पडू द्यावी, मध्ये हलका दाब द्यावा आणि वर थोडा अधिक. भरून झाल्यावर न पेटवताच एक झुरका ओढून पाहावा. हवा किंचित अडखळत यायला हवी. अजिबात अडखळली नाही तर भरणी सैल झाली आहे, आणि जोर लावावा लागत असेल तर सगळी काढून पुन्हा भरणे श्रेयस्कर. मध्येच सळई खुपसून वाट करण्याने वेळ वाचत नाही. या कोरड्या झुरक्याची चवही नोंदवून ठेवावी, कारण त्यात व्हर्जिनिया जितकी स्पष्ट कळते तितकी पेटल्यावर कळत नाही.

पहिली पेटती काडी पृष्ठभागावर गोल फिरवावी. तंतू फुगून वर येतात. ते दाबण्याच्या काडीने हलकेच, त्या काडीच्या स्वतःच्या वजनापेक्षा फारसा जास्त दाब न देता, सपाट करावेत आणि मग दुसरी आगकाडी लावावी. यानंतर ओढण्याची गती श्वासाइतकी संथ ठेवावी, धूर तोंडातच फिरवून सोडावा, आणि पाईपची वाटी गालाला लावून पाहावी: गालाला चटका बसत असेल तर पाईप खाली ठेवावा, विझला तर विझू द्यावा. विझलेला पाईप पुन्हा पेटवण्यात काही कमीपणा नाही. एका भरणीत तीन-चारदा काडी लागणे ही सामान्य गोष्ट आहे.

चव घेण्यासाठी दिवसातली वेळ निवडावी. जेवणानंतर लगेच, विशेषतः तांबड्या रश्शानंतर, जिभेला काही कळत नाही. सकाळचा चहा होऊन तासभर झालेला असेल तेव्हा ती सर्वांत जागी असते. शेजारी साधे पाणी ठेवावे. उदबत्ती, धूप, अंगाला लावलेले अत्तर यांचा वास दूर ठेवावा, कारण लटाकिया स्वतःच धूपासारखी असल्याने त्या वासांत ती हरवून जाते.

नोंद तीन भागांत करावी. पहिल्या तृतीयांशात लटाकिया पुढे असते: जळलेल्या लाकडाचा, धूपाचा, कातड्याचा वास, आणि काहींना डांबर किंवा औषधासारखी झाक. अथणीच्या कारागिराकडून आणलेल्या नव्या कोल्हापुरी चपलेचा वास ज्याला ओळखीचा आहे त्याला लटाकियातला कातड्याचा भाग चटकन सापडतो. दुसऱ्या तृतीयांशात, पाईप नीट तापल्यावर, व्हर्जिनिया खालून वर येते. हा भाग खरा मोलाचा. येथे वाळल्या गवताचा, भाजलेल्या पावाचा, लिंबाच्या सालीचा वास शोधावा, आणि तंबाखू काही वर्षे मुरलेली असल्यास काकवीकडे झुकणारा जड गोडवा शोधावा. गुऱ्हाळाच्या कढईवर उभे राहून रस घट्ट होत असताना त्याचा वास तासागणिक बदलताना ज्याने अनुभवला आहे, त्याला ताज्या व्हर्जिनियाचा पातळ गोडवा आणि मुरलेल्या व्हर्जिनियाचा गडद गोडवा यांतला फरक शब्दांत सांगण्याची फारशी गरज नाही. शेवटच्या तृतीयांशात राख, ओल आणि तेलकटपणा जमा होतो. तेथे चव कडवट झाली तर थांबावे. तळापर्यंत ओढलेच पाहिजे असा कोणताही दंडक नाही, आणि तळाची ओली गाळ-तंबाखू टाकून देण्यातच शहाणपण आहे.

धुराचा अगदी थोडा अंश तोंड मिटून नाकातून हळूच सोडला तर व्हर्जिनियाचे बारकावे जास्त कळतात. हे प्रत्येक झुरक्याला करू नये. नाकाची त्वचा नाजूक असते आणि लटाकिया तेथे झोंबते. नोंदवहीत तारीख, डब्याची किंवा बरणीची ओळख, ओलीचा अंदाज, हवा कशी होती, आणि तीन भागांसाठी दोन-दोन ओळी इतके पुरे. ‘छान’, ‘मस्त’ हे शब्द वहीत लिहू नयेत. तीन वर्षांनी तेच पान पुन्हा चाखताना त्यांतून काहीच हाती लागत नाही. ‘गोडवा उशिरा आला, मधल्या भागात धूर जास्त, जीभ थोडी पोळली’ यातून लागते.

मुरवणे: काय होते आणि किती काळ

बरणी बंद केल्यावर पानातले सूक्ष्मजीव व रासायनिक क्रिया सुरुवातीला आतला ऑक्सिजन वापरून घेतात, आणि नंतर हवेविना चालणारे संथ बदल वर्षानुवर्षे होत राहतात. व्हर्जिनियातली शर्करा आणि अमिनो आम्ले यांच्यातल्या क्रियेने रंग गडद होतो, कच्चा तिखटपणा उतरतो आणि वास एकजीव होतो. नव्या कैरीच्या लोणच्यात फोड, मीठ आणि मोहरी वेगवेगळी लागतात आणि मुरल्यावर ती एकमेकांत मिसळून जातात, तसेच हे काहीसे आहे. लटाकियाचे मात्र उलट होते. तिच्याजवळ बदलायला साखर थोडी, आणि तिचे मुख्य भांडवल म्हणजे बाहेरून चढलेला धूर. तो पहिल्या काही वर्षांत मऊ, गोलसर होतो आणि नंतर विरत जातो.

यावरून ठेवण्याचा काळ ठरवावा. लटाकिया निम्म्याच्या आसपास असलेले मिश्रण दोन ते पाच वर्षांच्या दरम्यान उत्तम लागते असा माझा कौल आहे. त्यापुढे ते वाईट होत नाही, पण ज्या धुरासाठी घेतले तोच क्षीण होतो. लटाकिया पाव भाग किंवा त्याहून कमी असेल तर व्हर्जिनियाचा वरचष्मा राहतो आणि आठ-दहा वर्षे थांबायला हरकत नाही. ज्याला धुराचा पहिला दणका हवाच आहे त्याने थांबूच नये. ताजा डबा ओलीचा बंदोबस्त करून लगेच ओढावा, त्यात काही उणे नाही. जुन्या डब्यांचे अवास्तव कौतुक करणाऱ्यांची संख्या मोठी आहे, आणि त्यांच्यापैकी पुष्कळांनी तेच मिश्रण ताजे असताना चाखलेले नसते.

डबा मुळात बंद असेल आणि तो गोल, निर्वात झाकणाचा असेल तर तसाच ठेवता येतो. चौकोनी पत्र्याचे डबे मात्र हवाबंद राहतीलच याची खात्री नसते, आणि आपल्या पावसाळ्यात पत्र्याच्या कडेला गंज धरतो, म्हणून त्यांतला माल बरणीत काढलेला बरा. बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला शुल्काविना १२५ ग्रॅमपर्यंतच तंबाखू आणता येत असल्याने आपल्याकडे एका वेळी येणारा माल म्हणजे पन्नास ग्रॅमचे दोन डबे. त्यांची विभागणी अशी करावी: एक डबा ताजा चाखण्यासाठी उघडावा आणि दुसरा दोन लहान बरण्यांत भरावा. सगळे एका मोठ्या बरणीत भरले तर दर वेळी चाखताना सगळ्याच मालाला हवा लागते आणि मुरण्याची क्रिया पुन्हा पहिल्यापासून मोजावी लागते.

सुट्या तंतूंच्या तंबाखूसाठी पन्नास ग्रॅमला साधारण २५० मिलिलिटरची बरणी लागते. म्हणून अर्ध्या डब्यासाठी त्याच्या निम्म्या मापाची घ्यावी. बरणी नवी असावी. लोणच्याच्या रिकाम्या झालेल्या बरणीची काच धुऊन निघते, पण झाकणातल्या रबरात हिंग-मोहरीचा वास कायमचा बसलेला असतो, आणि तो पाच वर्षांत पानात पुरता उतरतो. झाकण आणि बरणी उकळत्या पाण्यातून काढून पूर्ण वाळवावी. पूर्ण म्हणजे एक रात्र उपडी न ठेवता उताणी, कोरड्या दिवसात. भरताना तंबाखू हलक्या हाताने दाबावी, ठेचू नये, आणि वर पाव भाग मोकळा सोडावा, कारण सुरुवातीच्या क्रियेला थोडी हवा लागते. याच कारणासाठी निर्वात करणाऱ्या पिशव्या मला पसंत नाहीत: त्यांत तंबाखू टिकते, पण मुरते फारच सावकाश.

भरण्याचा हंगाम निवडता येत असेल तर पाऊस सरल्यावर, दिवाळीनंतर ते फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ निवडावा. हवा तेव्हा फार दमटही नसते आणि मार्च-एप्रिलइतकी शोषून घेणारीही नसते. पावसाळ्यात डबा आला तर तो सीलबंद तसाच ठेवून वाट पाहावी. कॅम्पातल्या एका निवृत्त सुभेदारांचा नियम असा आहे की मृग लागल्यापासून दसऱ्यापर्यंत मुरणीची एकही बरणी उघडायची नाही, आणि बेळगाव शहर व खानापूर तालुक्यापुरता तो मला पूर्णपणे योग्य वाटतो. अथणीकडच्या माणसाने उलट एप्रिल-मे टाळावा, कारण तेथे झाकण उघडे राहिलेल्या पाच मिनिटांतही वरचा थर कोरडा पडतो.

ठेवण्याची जागा अंधारी, थंड आणि समान तापमानाची असावी. कौलारू घराचा माळा किंवा पत्र्याखालची खोली उन्हाळ्यात तापते आणि रात्री निवते. तापमानाच्या या रोजच्या चढउताराने झाकणाचे रबर ढिले पडते आणि बरणीच्या आतल्या बाजूला दव धरते. जुन्या दगडी घरात आतल्या भिंतीला लागून असलेल्या लाकडी कपाटाचा खालचा खण सर्वांत बरा. सिमेंटच्या घरात पश्चिमेकडची भिंत टाळावी. ज्या कपाटात डांबराच्या गोळ्या किंवा कापूर ठेवलेला आहे त्यात बरण्या ठेवू नयेत, झाकण कितीही घट्ट असले तरी. फ्रिजची गरज नाही. तेथे क्रिया जवळजवळ थांबते आणि बाहेर काढल्यावर दव धरण्याचा धोका राहतो.

बरणीवर चिठ्ठी लावताना मिश्रणाचे नाव, भरल्याची तारीख, डब्यावर छापलेली तारीख असल्यास ती, आणि भरतानाची ओल लिहावी. चिठ्ठी झाकणावर लावू नये, बरणीच्या अंगावर लावावी, झाकणे बदलतात.

बुरशी की स्फटिक

वर्षा-दोन वर्षांनी बरणी न उघडता विजेरीच्या प्रकाशात फिरवून पाहावी. मुरलेल्या व्हर्जिनियाच्या वड्यांवर कधी कधी बारीक चमकणारे कण दिसतात. ते पानाच्या पृष्ठभागावर सपाट बसलेले असतात, प्रकाश परावर्तित करतात, आणि ऊबदार बोटाखाली विरतात. त्यांनी काही बिघडत नाही. बुरशी निस्तेज, लोकरीसारखी, उठून दिसणारी असते, तिचे जाळे एका तंतूवरून दुसऱ्यावर गेलेले दिसते, आणि झाकण उघडल्यावर दमट गोणपाटासारखा वास येतो. लटाकियाच्या तीव्र वासाखाली हा वास दबून जातो, म्हणून या मिश्रणात नाकापेक्षा डोळ्यावर अधिक भिस्त ठेवावी. बुरशीची खात्री झाली तर सगळी बरणी टाकून द्यावी. वरचा थर काढून खालची वापरणे, उन्हात घालणे, ओव्हनमध्ये तापवणे यांपैकी काहीही करू नये. बुरशीचे सूक्ष्म बीजकण डोळ्यांना दिसतात त्याहून कितीतरी दूर पसरलेले असतात, आणि काही बुरशी विषारी द्रव्ये तयार करतात जी तापवून जात नाहीत.

व्हर्जिनिया वेगळी मुरवून मागाहून मिसळणे

दोन्ही पानांच्या उलट चालींवर एक साधा तोडगा आहे, आणि ज्यांच्याकडे निव्वळ व्हर्जिनियाचा व निव्वळ लटाकियाचा असे वेगळे डबे येऊ शकतात त्यांनी तो आवर्जून करून पाहावा. व्हर्जिनिया एकटीच पाच किंवा अधिक वर्षे मुरू द्यावी. ओढण्याचा बेत ठरला की ताजी लटाकिया आणून वजनाने ७० भाग व्हर्जिनियाला ३० भाग लटाकिया या प्रमाणात मिसळावी. मिसळण्यापूर्वी दोन्हींची ओल सारखी आहे ना हे हाताने पाहावे, कारण लटाकिया अनेकदा अधिक कोरडी येते आणि असमान ओलीचे मिश्रण वाटीत एका बाजूने जळत जाते. वड्या असतील तर आधी मोकळ्या कराव्यात. पहिल्यांदा २० ग्रॅमच करावे: १४ ग्रॅम व्हर्जिनिया, ६ ग्रॅम लटाकिया. हे बंद बरणीत महिना ते तीन महिने ठेवले की धूर आणि गोडवा एकमेकांत बसतात. चाखून धूर जास्त वाटला तर पुढच्या खेपेला लटाकिया २० भागांवर आणावी. कमी वाटला तर ४० पर्यंत न्यावी, त्यापुढे मात्र पाच वर्षे थांबून मिळवलेला व्हर्जिनियाचा गोडवा लपून जातो आणि मग तो मुरवण्याला अर्थ उरत नाही.

उघडलेली बरणी साधारण दोन-तीन महिन्यांत संपवावी आणि त्या काळात ती वेगळ्या खणात ठेवावी. पाईप प्रत्येक वेळी ओढून झाल्यावर गरम असताना मुखनळी उपटू नये; तो निवल्यावर केसाळ तार फिरवावी, वाटीतली राख कागदाने पुसावी आणि पावसाळ्यात किमान दोन दिवस कोरड्या जागी उभा ठेवून मगच पुन्हा भरावा.